आडवा बोअर सरळ का जात नाही?



नागपुरात भूगर्भातल्या कामाविषयी बोलायचं तर पेंच खोऱ्यापासूनच सुरुवात करायला हवी. १० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातल्या न्यूटन चिखली खदानीत पाणी घुसलं आणि साठाहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. तेव्हा नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती; ती दुर्घटना या शहरासाठी परराज्यातली नव्हती. पुढे २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खदानीत जुन्या, सोडून दिलेल्या कामात साठलेलं पाणी फुटून खाली आलं. पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली.

जुन्या कामातलं पाणी एका रात्रीत येत नाही. ते वर्षानुवर्षं तिथं साठत असतं. मग समोरच्या कोळशाच्या भिंतीपलीकडे ते किती दूर आहे, हे अलीकडच्या माणसाला कळायचं कसं? नकाशावरून? जुने नकाशे अपुरे असतात, कधी चुकीचेही असतात. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात क्वेक्रीक खदानीत नऊ कामगार पाण्यानं कोंडले गेले, कारण शेजारच्या बंद खदानीची हद्द त्यांच्या नकाशावर होती त्यापेक्षा प्रत्यक्षात खूप जवळ होती. ते नऊही जण वाचले. पण नकाशा खोटा ठरला तो ठरलाच.

म्हणून कायदा सांगतो, आधी छिद्र पाडा. आपल्याकडच्या १९५७ च्या कोळसा खाण विनियमांनी ही गोष्ट स्पष्ट लिहून ठेवली होती. जुन्या कामापासून ६० मीटरच्या आत जायचं तर परवानगी घ्या. फेसच्या, म्हणजे खणायच्या समोरच्या भिंतीच्या, मध्याजवळ एक बोअर मारा, दोन्ही अंगांना तिरके बोअर मारा, आणि हे सगळे बोअर फेसच्या निदान ३ मीटर पुढे राहतील असं बघा. म्हणजे माणूस पुढे जायच्या आधी छिद्र पुढे जातं आणि तिथली खबर आणतं.

आजचं व्याख्यान या आडव्या छिद्राविषयी आहे. त्यातही एकाच प्रश्नाविषयी: ते जिथं जायला हवं तिथं जातं का? तीन-चार मीटरच्या बोअरला हा प्रश्न फारसा सतावत नाही. पण आज कोळसा खदानीत ३०० मीटर, ६०० मीटर, हजार मीटर लांबीचे आडवे बोअर मारले जातात. कधी गॅस काढण्यासाठी, कधी पाणी शोधण्यासाठी, कधी पुढचा थर कसा आहे ते बघण्यासाठी. हजार मीटर आत त्या छिद्राचं टोक कुठं आहे, हे फेसवर उभ्या असलेल्या ड्रिलरला डोळ्यांनी दिसत नाही. कानाला ऐकू येत नाही. हाताला जे जाणवतं, तेही फसवं असतं.

पहिली गोष्ट, छिद्र वाकतं का?

आपली अशी समजूत असते की पोलाद कडक असतं, मशीन ताकदवान असतं, त्यामुळे नेम धरून ढकललं की सरळ जाईल. पण आंबे उतरवायची लांब काठी हातात धरून बघा. मूठ घट्ट असली तरी टोक स्वतःच्या मर्जीनं हलतं. एकेक रॉड जोडत नेलेली शेकडो मीटरची रांग तशीच वागते. रॉडचा व्यास टोकाच्या बिटपेक्षा, म्हणजे खडक कापणाऱ्या पात्यापेक्षा, कमी असतो, कारण बाजूनं पाणी आणि कोळशाचा चुरा परत यायला जागा लागते. त्या जागेमुळे रॉड स्वतःच्या वजनानं छिद्राच्या तळावर पडून राहतात. मागून दाब दिला की मधेच कमान धरतात. मग पुढचा बिट थोडा कलतो. त्यात रॉड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरत असल्यानं छिद्र बहुधा उजवीकडे सरकतं. शिवाय जमीन एकजीव नसते. कोळसा मऊ, त्याच्या वरचा वाळूचा दगड कठीण, मधे शेलचे पट्टे. मऊ आणि कठीण यांच्या सीमेवर बिट तिरका आदळला, की वळतो.

हे वाकणं प्रत्येक मीटरला डोळ्यात न भरण्याइतकं लहान असतं, आणि धोका त्यातच आहे. सुरुवातीला नेम एका अंशानं चुकला आणि पुढे छिद्र अगदी सरळ गेलं, तर ३०० मीटरवर टोक सुमारे ५ मीटर बाजूला असतं. ठीक आहे, ५ मीटर. पण छिद्र सरळ न जाता दर ३० मीटरला एकेक अंश वळत गेलं तर? ३०० मीटरवर ते दहा अंश वळलेलं असेल आणि टोक २६ मीटर भलतीकडे असेल. आता हे लक्षात घ्या की ज्या थरात हे छिद्र ठेवायचं आहे, त्या थराची जाडी पुष्कळदा दोन-तीन मीटर असते.

दुसरी गोष्ट. हे वळण रोखायला, किंवा त्याचा उपयोग करून घ्यायला, माणूस शिकला कसा? ही गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तिची सुरुवात पुन्हा एका दुर्घटनेत आहे.

२० नोव्हेंबर १९६८. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात फार्मिंग्टनजवळच्या खदानीत मिथेनचा स्फोट झाला. रात्रपाळीत ९९ माणसं आत होती. २१ बाहेर पडली, ७८ मेली. पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, अमेरिकेनं कोळसा खदानींच्या आरोग्य आणि सुरक्षेचा नवा, कडक कायदा केला. त्याचबरोबर एक साधा प्रश्न ऐरणीवर आला: हवेत मिसळलेला गॅस वाऱ्यानं उडवून लावायचा हा एकच मार्ग आहे का? कोळसा खणायच्या आधीच त्यातला गॅस काढून घेता येणार नाही का?

मिथेनचं गणित इथं सांगायला हवं. हवेत तो ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीनं पेट घेतो. आपल्याकडे म्हणूनच १.२५ टक्क्यांनाच वीज तोडायची सक्ती आहे. आणि ज्या खदानीत टनामागे १० घनमीटरहून जास्त गॅस सुटतो, तिला तिसऱ्या दर्जाची वायुयुक्त खदान मानतात. झरियातली मुनीडीह खदान अशीच आहे. तिथं कितीही मोठा पंखा लावला तरी खोल थरातला गॅस फेसवर येण्याआधी वाटेतच धरणं शहाणपणाचं. ते करायचं तर थराच्या पोटात लांबवर आडवं छिद्र हवं, आणि ते थरातच राहायला हवं. वर छताच्या दगडात घुसलं, तर गॅस मिळत नाही. खाली तळात गेलं, तरी मिळत नाही.

१९७० च्या दशकात अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सच्या संशोधकांनी पिट्सबर्ग थरात हे काम हाती घेतलं. फार्मिंग्टनची खदान याच थरात होती. त्यांच्याकडे फिरणारा रॉड होता, बिट होता आणि स्टॅबिलायझर होता. स्टॅबिलायझर म्हणजे रॉडवर बसवलेला जाड भाग, जवळजवळ छिद्राच्या व्यासाइतका. तो बिटच्या लगेच मागे बसवला तर टेकूचं काम करतो. मागचा सडपातळ रॉड खाली झुकतो, टेकूच्या पुढचा बिट वर उचलला जातो आणि छिद्र चढू लागतं. तोच स्टॅबिलायझर काही मीटर मागे सरकवला, की पुढचा भाग आपल्या वजनानं लोंबतो आणि छिद्र उतरू लागतं. दोन स्टॅबिलायझर नीट अंतरावर ठेवले, तर छिद्र आहे त्या कलानं पुढे जातं.

मग यातला सगळ्यात सुंदर भाग. रॉड बाहेर न काढता, केवळ दाब आणि फेऱ्यांचा वेग बदलूनही थोडं चढता-उतरता येतं, असं दिसून आलं. दाब वाढवा, फेरे कमी करा, तर बिट वर जातो. दाब कमी करा, फेरे वाढवा, तर खाली येतो. आतल्या टोकाला स्पर्श न करता शंभर-दोनशे मीटरवरून त्याला वर-खाली करणं! ड्रिलर आपल्या मशीनच्या दोन दांड्यांनी हे करत होता. परत येणाऱ्या पाण्याचा रंग बघत होता. काळा चुरा येतोय म्हणजे बिट कोळशात आहे, राखाडी येऊ लागला म्हणजे छताला किंवा तळाला लागला. छताला की तळाला? ते त्याला स्वतःच ठरवावं लागे. ही कारागिरी होती, आणि तिच्याविषयी मनापासून आदर वाटावा अशीच ती होती.

पण तिला एक मोठी उणीव होती. वर आणि खाली जमत होतं, डावं-उजवं मात्र फारसं हातात नव्हतं. शिवाय मोजमाप फार सावकाश होई. काम थांबवायचं, छोटा कॅमेरा आत पाठवायचा, त्यात होकायंत्र आणि कलदर्शकाचं छायाचित्र यायचं, तो परत बाहेर काढायचा, छायाचित्र बघायचं. इतकी खटपट असेल तर माणूस कितीदा मोजेल? कमी वेळा मोजेल. आणि कमी वेळा मोजणं म्हणजे उशिरा कळणं.

तिसरी गोष्ट इथून सुरू होते.

रेने म्वानो या फ्रेंच अभियंत्यानं १९३० च्या दशकात एक पंप शोधून काढला. बाहेरच्या नळीला आतून पीळ, तिच्यात पीळ असलेला पोलादी दांडा, आणि दांड्याला नळीपेक्षा एक पीळ कमी. दांडा फिरवला की द्रव पुढे ढकलला जातो. तेल शोधणाऱ्यांनी हे उलटं केलं. दाबाचं पाणी किंवा चिखल नळीत सोडा, मग दांडा फिरेल आणि पुढचा बिटही फिरेल. म्हणजे आता शेकडो मीटरची रॉडची रांग फिरवायची गरज उरली नाही. फक्त टोकाची मोटर फिरते. त्या मोटरच्या अंगाला बिटजवळ साधारण एक-सव्वा अंशाचा बाक दिला, की छिद्र बाकाच्या बाजूला वळतं. बाक वर ठेवला तर वर, डावीकडे ठेवला तर डावीकडे. बाकाची दिशा बदलायची असेल तर बाहेरून रॉड थोडा फिरवायचा. एवढंच.

एवढंच? नाही. पाण्याच्या जोरानं मोटर एका बाजूला फिरली की मागचे रॉड उलट बाजूला पिळतात. बाहेर बाक उजवीकडे लावला, तर आत तो प्रत्यक्षात दुसरीकडेच असू शकतो. म्हणून मोटरच्या लगेच मागे मोजयंत्र बसवलं. तीन त्वरणमापक गुरुत्वाच्या ओढीवरून कल सांगतात, तीन चुंबकमापक पृथ्वीच्या चुंबकत्वावरून दिशा सांगतात, आणि दोन्ही मिळून बाक नेमका कुठं आहे ते कळतं. शेजारी पोलाद असेल तर चुंबकमापक फसतात, म्हणून तिथले रॉड चुंबकत्व नसलेल्या मिश्रधातूचे ठेवतात. यंत्राची वीज इतकी अल्प ठेवतात की बिघाड झाला तरी मिथेन पेटवणारी ठिणगी पडू नये. दर ३ किंवा ६ मीटरला, म्हणजे रॉड जोडायला थांबतात तेव्हाच, वाचन मिळतं. कॅमेऱ्याची ये-जा संपली.

शहरातल्या रस्त्याकडेला आपण एक मशीन नेहमी बघतो. गॅसची नळी किंवा केबल टाकायला ती रस्ता न खोदता खालून छिद्र पाडते, आणि एक माणूस हातात यंत्र घेऊन वरून चालत टोकाचा माग काढत असतो. त्या पद्धतीची सुरुवात मार्टिन चेरिंग्टन या अमेरिकन ठेकेदारानं १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पाहारो नदीखालून नळी नेऊन केली. पण खदानीत वर चालणारा माणूस नसतो. वर दोन-तीनशे मीटर खडक असतो. म्हणून तिथं टोकानंच स्वतःची जागा सांगावी लागते.

आणि टोकानं सांगितलेली जागाही पूर्ण खरी नसते, हे मोकळेपणानं मान्य केलं पाहिजे. दिशेत अर्ध्या अंशाची चूक राहिली, तर हजार मीटरवर जवळपास ९ मीटर बाजूला. कलात एक दशांश अंशाची चूक राहिली, तर पावणेदोन मीटर वर किंवा खाली. चीनच्या शान्शी प्रांतातल्या बाओडे खदानीत २०१९ मध्ये थरातूनच ३,३५३ मीटर लांब छिद्र नेलं गेलं. तेवढ्या लांबीवर दिशेतला तोच अर्धा अंश म्हणजे २९ मीटर. मग हे लोक दोन-तीन मीटरच्या थरात कसे राहतात?

ते छताला मुद्दाम हात लावून येतात. यंत्राच्या हिशेबावर विसंबून न राहता ठरावीक अंतरावर छिद्र वर चढवतात. चुऱ्याचा रंग बदलला, छत लागलं, जागा नोंदवली. मग मागे यायचं, बाक खाली वळवायचा, आधीच्या छिद्राच्या तळातून नवी फांदी काढायची आणि पुन्हा थरात पुढे जायचं. फांदी खालच्या बाजूनं काढतात, कारण तिथं वजन मदत करतं. कोळशाचा थरही कधी सपाट नसतो. तो लाटेसारखा वर-खाली जातो आणि मधे भ्रंश असेल तर तुटतो. म्हणून खरं काम सरळ रेषा मारण्याचं नाही, थराच्या मागोमाग जाण्याचं आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये बुली थरात हे काम जिद्दीनं वाढलं. त्या थरात गॅसच्या दाबानं कोळसा अचानक उसळून बाहेर पडतो. साउथ बुली खदानीत १९९१ मध्ये तिघे आणि वेस्ट क्लिफमध्ये १९९४ मध्ये एक जण असा दगावला. त्यानंतर नियमच कडक झाला. थरातला गॅस ठरलेल्या मर्यादेखाली आल्याशिवाय पुढे खणायचं नाही. आणि गॅस खाली आणायचा तर छिद्रं जागेवर हवीत. दोन छिद्रांमधला पट्टा अनवधानानं रुंद राहिला, तर तिथं गॅस तसाच राहतो, आणि मशीन सगळीकडे सारखंच पुढे सरकत असतं.

म्हणून या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं कौशल्य कोणतं, असं विचारलं तर उत्तर ताकद नाही. वारंवार मोजा आणि लवकर, थोडं वळवा. उशीर झाला की मोठं वळण घ्यावं लागतं. मोठ्या वळणात रॉड घासतात, घासण्यात दाब खर्च होतो, आणि एका ठिकाणी असं होतं की मागून कितीही ढकला, पुढे काही पोहोचत नाही. छिद्राची लांबी मशीनच्या अश्वशक्तीइतकीच आधी केलेल्या चुकांवरही ठरते.

इथं सभागृहातल्या प्रत्येकाला सिल्क्यारा आठवत असेल. १२ नोव्हेंबर २०२३, दिवाळीचा दिवस. उत्तरकाशीत सिल्क्यारा-बडकोट बोगद्याचा काही भाग कोसळला आणि ४१ कामगार आत अडकले. मधे सुमारे ६० मीटरचा ढिगारा. त्यातून माणूस सरपटत येईल एवढी, जवळपास ८०-९० सेंटिमीटर व्यासाची नळी आडवी ढकलायची होती. दिल्लीहून विमानानं ऑगर मशीन आणलं. मशीनमध्ये जोर भरपूर होता. पण अशा मशीनला वळवायची सोय जवळजवळ नसते. सुरुवातीला रूळ ज्या दिशेनं बसवले, तीच दिशा. ६० मीटरवर एक अंश चुकला तरी फरक एका मीटरचाच, त्यामुळे अडचण वाकण्याची नव्हती. अडचण ही होती की ढिगाऱ्यात कोसळलेल्या बोगद्याच्या लोखंडी कमानी पडल्या होत्या, आणि समोर लोखंड लागल्यावर मशीनला बगल देऊन जाता येत नव्हतं. २४ नोव्हेंबरला सुमारे ४७ मीटरवर ऑगर तुटून अडकला. तो कापून बाहेर काढावा लागला. उरलेले दहा-बारा मीटर अखेर हातांनी खणले गेले. ‘रॅट-होल’ म्हणजे उंदराच्या बिळासारखं अरुंद खणकाम करणाऱ्या मजुरांनी नळीत शिरून, समोर काय आहे ते बघत, कापत, उपसत वाट काढली. २८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी ४१ जण सुखरूप बाहेर आले.

तिथं आणखी एक नळी होती, तिचं नाव फारसं कुणी घेत नाही. सहा इंची. ती २० नोव्हेंबरला पलीकडे पोहोचली. तिच्यातून गरम अन्न गेलं, कॅमेरा गेला, आणि घरच्यांनी आपल्या माणसांचे चेहरे पाहिले. लहान छिद्राची किंमत ओळखायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

आता थोडं आपल्या घरचं. वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय याच शहरात आहे. सावनेरच्या भूमिगत खदानी इथून फार दूर नाहीत. वर्धा खोऱ्यात आणि पेंच-कन्हानमध्ये जुनी कामं एकमेकांना चिकटून आहेत, आणि त्यांतली कित्येक पाण्यानं भरलेली आहेत. अशा ठिकाणी लांब, वळवता येणारा, मोजत नेलेला बोअर मारायची सोय प्रत्येक भूमिगत खदानीच्या आवाक्यात यायला हवी. ती केवळ गॅसच्या खोल खदानींची चैन नाही. क्वेक्रीकनंतर अमेरिकेत जुनी पोकळी दुरूनच शोधण्यासाठी जे प्रयोग झाले, त्यांत आडव्या छिद्रांनाही स्थान होतं.

आणि सर्व्हेअर मंडळींनी, तुमच्यापैकी बरेच जण आज इथं आहात, एका गोष्टीचा आग्रह धरायला हवा. बोअर संपला की त्याचं दर तीन मीटरचं वाचन, त्याच्या फांद्या, छत लागलं त्या जागा आणि आत काय अडकून राहिलं ते, सगळं खाण-नकाशावर चढलं पाहिजे. रॉड तुटून आत राहणं ही नेहमीची घटना आहे. तो रॉड पाच-सात वर्षांनी कोळसा कापणाऱ्या मशीनच्या वाटेत येतो. पोलादावर पोलाद घासलं की ठिणगी पडते, आणि त्याच जागी जुन्या छिद्रात उरलेला गॅसही असू शकतो. सीलबंद न केलेलं, नकाशावर नसलेलं छिद्र पाण्यानं भरलेल्या जुन्या कामाला नव्या कामाशी जोडूनही देतं. खदान बंद होते, माणसं निवृत्त होतात, ड्रिलरची वही हरवते. म्हणून बंद करताना खदानीचा जो शेवटचा नकाशा सरकारकडे जमा होतो, त्यावर गॅलऱ्यांबरोबर प्रत्येक लांब बोअरची रेषाही, ती जशी प्रत्यक्ष गेली तशी, वाकडी असेल तर वाकडी, काढलेली असावी.